बागबाजारातले शनिवारचे भूत

१ नोव्हेंबर १९५३, रविवार.
अखेर कलकत्त्याने मला ओळखले. एकोणीस वर्षे लागली, पण खिदिरपूरच्या गोदीवर कस्टमची नोकरी करणाऱ्या माणसाकडे कोण बघतो? समाजसेवा विद्यालयाच्या सल्लागार मंडळावर महाराष्ट्रीय समाजाचे पुढारी म्हणून श्री. श्यामसुंदर सरंजामे, म्हणजे मी! शेजारचे दिगंबरराव म्हणाले, आधी त्यांना विचारले होते, त्यांना वेळ नव्हता. हेवा, दुसरे काय.
संकल्प: बंगाली शिकणे. रोज पहाटे अर्धा तास. पुस्तक आहेच, १९३४ पासून.

४ नोव्हेंबर, बुधवार.
मंडळाची पहिली मीटिंग. अध्यक्ष डॉ. सान्याल. भला माणूस, पण नको तिथे हसतो. विद्यालयाचे विद्यार्थी वस्त्यांत केंद्रे चालवून काम शिकतात. एकेका पुढाऱ्याने एकेक केंद्र पंखाखाली घ्यायचे ठरले. मारवाडी सभासदाने बडाबाजार घेतला, पारशी बाईंनी एंटाली. मी बागबाजार मागून घेतला. तिथे आपला इतिहास आहे. दोनशे वर्षांपूर्वी आपले घोडेस्वार या बंगालवर चालून आले, तेव्हा इंग्रजांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला तो तिथूनच. मराठा डिच! आपल्या स्वारांना बंगाली लोक बर्गी म्हणतात. दोनशे वर्षांनी नाव निघते म्हणजे चेष्टा नाही.
तिथले केंद्र दिगंबररावांची मुलगी वृंदा चालवते. मुलांना दुपारी दूध आणि थोडी अक्षरओळख. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांची पोरे. खोली एका जमीनदाराने तात्पुरती दिली आहे. नाताळाआधी मंडळ पाहायला जाणार. खोली भरलेली दिसली तर केंद्र कायम. नाहीतर खोली परत, दूध बंद, आणि वृंदाचे डिप्लोमाचे वर्ष फुकट. पोर काळजीत आहे. म्हटले, आता मी आहे.

१४ नोव्हेंबर, शनिवार.
उद्घाटन. आपापल्या समाजाच्या वेशात यावे असे पत्रात होते. आजोबांची लाल पगडी ट्रंकेतून काढली. अंगरखा, उपरणे. मिशांना तूप लावून पीळ दिला. सौ. म्हणाली, कोट-टोपी पुरे झाली असती. बायकांना इतिहासाची जाण नसते.
भाषण बंगालीत केले. पुस्तक न उघडता! सांगितले की मी मराठा, आमचे लोक पूर्वी इथवर आले होते, हा खंदक आमच्यामुळेच. पण आता भिऊ नका, असे पुढे म्हणायचे होते, ‘भिऊ नका’ला शब्द सुचेना, तेवढे राहिले. शेवट मात्र जोरदार केला. आम्ही पुन्हा येऊ, दर शनिवारी, चार वाजता, तुमच्या मुलांसाठी!
 एका बाईने पोर पदराखाली ओढले. थंडी पडायला लागली आहे. वृंदा घाईघाईने बायकांना काहीतरी समजावत होती. माझे मुद्दे असावेत.

२१ नोव्हेंबर, शनिवार.
एकही मूल नाही. गल्लीत शिरलो तेव्हा खेळण्याचा गलका ऐकू येत होता. चार पावले गेलो आणि सगळे गप्प. धडाधड कड्या लागल्या. वरच्या खिडकीतून कोणी शंख फुंकला. रस्त्यात एक लाकडी भोवरा फिरत होता. फिरवणारा नाही. तो थांबेपर्यंत मी बघत उभा होतो.
घाबरलो नाही. फक्त परत निघालो.

२३ नोव्हेंबर, सोमवार.
वृंदाला खोदून विचारले. म्हणाली, एरवी मुले येतात, शनिवारीच येत नाहीत. का, तर खाली बघून पदराशी चाळा. शेवटी म्हणाली, काका, लोकांना वाटते की काहीतरी येते. मुलांना न्यायला.
म्हणजे भूत! शनिवारी, चारच्या सुमाराला. मीही नेमका त्याच वेळी तिथे असतो, केवढा योगायोग. वृंदा म्हणाली, काका, तुम्ही दमता, शनिवारी नाही आलात तरी चालेल. गुणी मुलगी. पण पुढारी भुताला भिऊन घरी बसला तर समाजाने कोणाकडे बघायचे?
संकल्प: हे भूत नाताळाआधी हटवणे. (बंगाली नंतर.)

२५ नोव्हेंबर, बुधवार.
हाफ डे टाकून मुद्दाम बुधवारी गेलो. भूतही बुधवारी आले. चतुर आहे.
आज जवळून जाणवले. कोणाचे तरी पोर रडत होते, ते मधेच थांबले, तोंडावर हात दाबल्यासारखे. एक म्हातारी दारात राहिली होती, तिला पळवेना. तिने लोखंडी विळी माझ्या दिशेने धरली आणि थरथर कापत राहिली. मी मागे वळून पाहिले. काही दिसले नाही. पण तिला दिसत होते. माझ्याकडे बघते आहे असेच वाटावे, इतके ते माझ्या जवळ उभे असणार.
घामाने अंगरखा ओला. हवा दमट होती.

२८ नोव्हेंबर, शनिवार.
खिशात कुलदैवताचा अंगारा ठेवला. श्रद्धा म्हणून नव्हे, सौ.ला बरे वाटावे म्हणून. ट्रॅममध्ये रामरक्षा म्हटली. घसा साफ राहतो.
गल्लीच्या तोंडाशी केळीच्या पानावर भात, मासा आणि पणती. उतारा! वृंदा म्हणाली, ते ज्या वाटेने येते त्या वाटेवर ठेवतात, म्हणजे तिथूनच परत जाते. माझीही वाट तीच, दुसरा रस्ताच नाही. पान ओलांडायचा धीर होईना. तिथूनच परत आलो.
घरी आलो तर मिनूने, म्हणजे माझ्या मुलाच्या, श्यामकांतच्या मुलीने, मला बघून किंकाळी फोडली आणि पलंगाखाली गेली. साडेतीन वर्षांची पोर. दिवाळीपर्यंत माझ्या मांडीवरून उठत नसे. सौ. म्हणाली, अहो, आधी ती पगडी काढा. सुनेने, शारदेने, जंत झाले असतील म्हणून सोडून दिले. मला मात्र खरे काय ते कळले. ते माझ्या मागोमाग घरी आले आहे.

२ डिसेंबर, बुधवार.
मोलकरीण मोक्षदा हल्ली मी आलो की उंबऱ्यावर धूप जाळते. बागबाजारातच राहते, तिला माहीत असणार. विचारले तर तोंडाला पदर लावून आत पळाली.
मिनू जवळ येत नाही. संध्याकाळी गोळी दाखवून बोलावले. दाराआडून हात पुढे आला, गोळी घेतली, हात गेला. वाईट वाटले. फार वाईट वाटले. आपल्याच घरात आपण कोणी परके, असे.

४ डिसेंबर, शुक्रवार.
मीटिंग. मी रिपोर्ट दिला: केंद्राची अडचण म्हणजे भूत. डॉ. सान्यालांनी विचारले, दिसते कसे? वृंदाला उभे केले. तिने आधी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, उंच आहे. मिशा आहेत. डोक्यावर काहीतरी लाल.
मी तात्काळ निदान केले. चितपूर यार्ड जवळच आहे. रेल्वेखाली मेलेला कोणी पोर्टर असणार, लाल मुंडाशाचा. शांत करायला पाहिजे. डॉक्टरांना एकदम खोकला आला, रुमालात तोंड घालून बाहेर गेले. पारशी बाई माझ्याकडे पाहत राहिल्या, पाहण्यात आदर होता. नंतर डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून विचारले, मिस्टर सरंजामे, तुम्ही थोडी विश्रांती का घेत नाही? म्हटले, मंडळ येऊन जाईपर्यंत नाही.

५ डिसेंबर, शनिवार.
पाठोपाठ पावले वाजत होती. मी थांबलो की थांबत. गर्रकन वळलो. भिंतीवर माझीच सावली. उन्हे कलल्यामुळे लांबच लांब, आणि पगडीमुळे डोके भलतेच मोठे. क्षणभर मीच दचकलो. अशा सावलीला पोरे भ्याली तर नवल नाही, असा एक विचार येऊन गेला. लिहून ठेवण्याजोगा नाही.

१२ डिसेंबर, शनिवार.
पडसे, ताप. जाता आले नाही. काळजीने जीव अर्धा झाला.
संध्याकाळी वृंदा धावत आली. खोली भरली होती! उशिरा आलेल्यांना दूध पुरले नाही. भूत आलेच नाही. हे सांगताना डोळे चमकत होते, मग माझ्याकडे बघून एकदम गप्प झाली.
विजय! महिनाभराच्या माझ्या फेऱ्या फळाला आल्या. पुढल्या शनिवारी मंडळ पाहायला येणार. संकल्प: पगडीला नवा तुरा.

१७ डिसेंबर, गुरुवार.
वृंदा पुन्हा आली. म्हणाली, काका, शनिवारी येऊ नका. म्हटले, ताप उतरला. म्हणाली, तरी नका. डोळ्यांत पाणी. त्या मुलांतल्या कितीतरी जणांनी घर जळताना पाहिले आहे, काका, रात्री कोण आले हे त्यांना अजून आठवते, असे काहीतरी म्हणाली. मराठी अडखळते तिचे. म्हटले, म्हणूनच धीर द्यायला मी पाहिजे. ती रडतच गेली. फार हळवी. समाजसेवेला कणखरपणा लागतो.

१९ डिसेंबर, शनिवार, दुपार.
अंगरखा घातला. मिशा पिळल्या. पगडी हातात घेऊन निघालो होतो. मधल्या खोलीचे दार लोटलेले. आत मोक्षदा मिनूला झोपवत होती. बंगाली मला कळत नाही असा लोकांचा समज आहे. कळते. एवढे कळते.
झोप, नाहीतर बर्गी येईल. बागबाजारात दर शनिवारी येतो. लाल पगडी, एवढ्या मिशा, पोरे उचलतो. मिनूने विचारले, दादू? म्हणजे आजोबा, मी. मोक्षदाने तिला नुसते थोपटले. मिनू लगेच झोपली. घट्ट डोळे मिटून.
मी दाराबाहेर पगडी घेऊन उभा. किती वेळ, माहीत नाही. तो भोवरा आठवला. म्हातारीची विळी आठवली. ती माझ्या मागे कोणाकडे बघत नव्हती.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
गेलो नाही. डोके दुखत होते.
वृंदा येऊन गेली. मंडळ बसले, मुलांनी अक्षरे म्हणून दाखवली, केंद्र कायम झाले. माझे आभार मानणारा ठराव डॉ. सान्यालांनी मांडला. कशाबद्दल, ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. जाताना वाकून नमस्कार केला तिने. एरवी करत नाही.
पगडी ट्रंकेत ठेवली, डांबराच्या गोळ्या घालून. मिशा उतरवल्या. सौ.ने वस्तरा धुऊन ठेवला.

२० डिसेंबर, रविवार.
दुपारी मिनू दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ माझे तोंड न्याहाळले. मग विचारले, बर्गी गेला? म्हटले, गेला. कुठे? म्हटले, त्याच्या गावाला, फार लांब. हळूहळू आली आणि मांडीवर चढली. किती दिवसांनी! मी पाठीवर हात फिरवत राहिलो.
डोळे मिटता मिटता तिने विचारले, परत आला तर? म्हटले, मी दारात बसतो, येऊ देणार नाही.
तिला आत निजवून दाराशी खुर्ची टाकून बसलो आहे. अजून कोणी आलेले नाही.