रंगवलेलं दार आणि सुटलेली होडी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबरेत उसण भरली आहे, त्यामुळे फक्त पत्रातूनच वाकतो आहे, नमस्कार पोचला असं समज). तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला अजून शेजाऱ्यांना उठवतो का? इकडे सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे जीव जागेवर आहे. तू काळजी करू नकोस. (तू करणार नाहीस, मला माहीत आहे. आपल्या घरात काळजीचं खातं लहानपणापासून माझ्याकडेच आहे.)

तुला ठाऊकच आहे, स्टुडिओत हल्ली पासपोर्टच्या फोटोलासुद्धा कोणी फिरकत नाही. लोक घरच्या भिंतीपुढे उभे राहून मोबाइलवर एकमेकांचे फोटो काढतात आणि माझ्याकडे येऊन विचारतात, नुसता छापून मिळेल का. अशात एका प्रकाशिका बाईंचा फोन आला. जुनी देखणी गावं आणि मच्छीमारांच्या वस्त्या यांच्या फोटोंचं एक मोठं पुस्तक त्यांना काढायचं होतं. फोटो मीच काढायचे आणि गावंही मीच शोधायची. मी तोंडभरून हो म्हटलं. हे जमलं तर दुकान चालवायचं, नाही जमलं तर कुलूप लावायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तुझी भावजय म्हणाली, मीही येते. मी म्हटलं, अगं, हे काम आहे, सहल नव्हे. ती म्हणाली, म्हणूनच येते.

ताई, जुनी गावं पुष्कळ असतात आणि देखणी गावंही असतात, पण दोन्ही गुण एकाच गावात सापडणं कठीण. एका गावात मी अशी सुरेख गल्ली हेरली की बघत राहावं. कॅमेरा लावून डोळा मिटला, उघडला, तर गल्लीच्या मधोमध कचऱ्याची गाडी येऊन उभी, आणि गाडीवाला जेवायला गेलेला. दुसऱ्या गावात कौलारू छपरांची रांगच्या रांग होती, पण दर छपरावर पाण्याची काळी टाकी, म्हशीसारखी निवांत बसलेली. प्रकाशिका बाईंचा रोज फोन यायचा, 'मिळालं का काही?' मी म्हणायचो, मिळतंय. (मिळत होती ती फक्त पित्ताची गोळी. ती हिच्या पर्समध्ये होती.)

शेवटी एका टेकडीवरच्या गावात मला एक दार सापडलं. निळा रंग पोपडे धरून सुटलेला, त्याखालून हिरवा डोकावणारा, हिरव्याखाली लाकडाच्या रेषा. बघताक्षणी वाटलं, पुस्तकाचं मुखपृष्ठ झालं. पण उजेड उतरलेला होता. त्या घरात एक शिंपी राहतात, खिडकीशी मशीन टाकून बसलेले होते. मी त्यांना हात जोडून सांगितलं की तुमचं हे दार पुस्तकात यायचंय, मी सकाळी येतो. ते दाराकडे वरपासून खालपर्यंत बघू लागले. ती नजर मला तेव्हाच ओळखता यायला हवी होती.

सकाळी गेलो तर दार चॉकलेटी. कडक तेलरंग, अजून ओला, आणि इतका चकाकणारा की त्यात मला माझं पडलेलं तोंड दिसलं. शिंपी नवा शर्ट घालून दारापाशी उभे होते, हातात ब्रश तसाच. मी कसंबसं म्हटलं, अहो, ते जुनंच हवं होतं. तर ते शांतपणे म्हणाले, 'पुस्तकात जायचं म्हटल्यावर तसंच कसं ठेवायचं? लोक म्हणतील, याला दारसुद्धा रंगवता येत नाही.' त्यांचं बघून समोरच्यांनीही डबा उघडला होता. माझ्या डोळ्यांदेखत अख्खी गल्ली नवी व्हायला लागली, आणि ही पायरीवर बसून शिंपीणबाईंशी गप्पा मारत होती. निघताना हिच्या पाठीवर चॉकलेटी पट्टा होता. त्याचंही तिला काही नाही.

यानंतर माझी झोप उडाली ती उडालीच. त्याच अवस्थेत आम्ही मच्छीमारांच्या एका वस्तीत पोचलो. तिथे मात्र सगळं हवं तसं होतं. धक्क्याला लागून होड्या, वाळत घातलेली जाळी, मागे बुटकी घरं. फक्त कोन साधेना. एखाद्या होडीत बसून वस्तीकडे बघितलं तर साधेल असं वाटलं, म्हणून एका होडीच्या मालकीणबाईंना विचारलं, जरा बसू का? त्या म्हणाल्या, 'बसा की.' मी बसलो. कॅमेऱ्याला डोळा लावला. चौकट सुंदर जुळली, पण सारखी लहान होत चालली. डोळा काढून बघतो तर धक्काच दूर चाललेला. होडी सुटली होती, ताई. कॅमेऱ्याचा स्टँड धक्क्यावर, बायको धक्क्यावर, आणि मी पाण्यावर. मी बाईंना म्हटलं, मला उतरायचंय. त्यांनी वल्हं न थांबवता विचारलं, 'आता इथे?'

लाटा अशा की होडी आकाशाला टेकून परत येत होती. किनारा कुठे दिसत नव्हता (डोळे उघडून खात्री करून घ्यावी असं मला वाटलं नाही). मला तू आठवलीस, आई आठवली, स्टुडिओतला पंखा बंद केला की नाही तेही आठवेना. पोटातलं सगळं बाहेर आलं. बाईंनी आपली फाटकी टोपी माझ्या डोक्यावर घातली, खांद्यावर गोणपाट टाकलं आणि जाळ्याचा एक गुंता हातात देऊन म्हणाल्या, 'हे सोडवत बसा. हाताला काम असलं की पोट गप्प बसतं.' किती वेळ गेला सांगता येत नाही. मला तर जन्म गेल्यासारखं वाटलं. होडी टेकली तेव्हा ही समोर चहा घेऊन उभी. बिचारी कुठून कुठे धावत आली असेल.

परत आल्यावर आम्ही दोघं प्रकाशिका बाईंच्या कचेरीत गेलो. त्यांनी माझे फोटो टेबलावर मांडले आणि एकेक करून बघितले. मग त्या चष्मा काढून म्हणाल्या, 'स्वच्छ आहेत. सरळ आहेत. पण सगळी गावं पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी दिसतात.' मला वाटलं, संपलं. कुलूप कुठलं घ्यायचं याचा मी विचार करू लागलो. तेवढ्यात हिने पर्समधून मोबाइल काढला, तो शिंपी दाखवायला म्हणून. ओल्या दारापाशी ब्रश घेऊन उभा असलेला, छाती काढून. बाई पुढे वाकल्या. मग आणखी फोटो निघाले, कचऱ्याच्या गाडीला टेकून गाडीवाला डुलकी घेतोय तोही. आणि शेवटी एक म्हातारा मच्छीमार. फाटकी टोपी, खांद्यावर गोणपाट, हातात जाळं, डोळे मिटलेले. बाईंनी मोबाइल आपल्या हातात घेतला. म्हणाल्या, 'हा मुखपृष्ठावर. याच्या चेहऱ्यावर अख्खा समुद्र उतरलाय. कोण आहे हा?'

ताई, तो मी होतो. मी हिच्याकडे बघितलं. ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, 'आहेत तिथलेच एक.' (इतक्या लांबून हिने फोटो कसा काढला कोण जाणे. हल्लीचे मोबाइल फार दूरचं टिपतात म्हणे.)

तर पुस्तक हिच्या फोटोंचं निघतंय. दुकान चालू राहील, पाटीवर फक्त हिचं नाव वर येईल. मला आनंद झाला आहे. अगदी खरा आहे, मी तपासून पाहिला. भावजींना नमस्कार सांग आणि गुडघ्याला शेक घेत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. प्रकाशिका बाईंनी हिला पुढचं काम दिलं आहे. बेटांवरच्या वस्त्या. बेटांवर होडीने जावं लागतं. ही एकटी जाईन म्हणते. तू मोठी आहेस, तुझा शब्द ती मोडत नाही. समुद्राचा वारा सांध्यांना वाईट, असं काहीतरी तिला लिही. मी सांगितलं हे कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. वरचं लिहू नकोस. असं लिही की एकटीने स्टँड उचलू नये, कोणीतरी सोबत असावं. कोणीतरी म्हणजे कोण, ते तिचं तिला सुचेल. घरात एकटं बसून हिची वाट बघण्यापेक्षा होडी परवडली.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून दोन ओळी घालते. होडी समुद्रात गेलीच नव्हती. धक्क्याच्या या टोकाची त्या टोकाला नेऊन बांधायची होती, तेवढीच नेली. मी वरून बरोबरीने चालत होते, हाकाही मारत होते, पण यांनी डोळे गच्च मिटले होते. बेटाची तिकिटं दोघांची काढली आहेत, यांना अजून सांगितलेलं नाही, नाहीतर आत्तापासून जेवण सोडतील. मात्र मनात काहीतरी आलेलं दिसतं, कारण रोज संध्याकाळी बागेत जाऊन मुलांच्या झोक्यावर बसतात. सवय करतोय म्हणतात. काल माळ्याने धरून उतरवलं. तुमच्याकडे त्या उलटीच्या गोळ्या मिळतात ना, जरा जास्तच पाठवा.