मामा, आपला संघ मैदानात उतरलाच नाही

प्रिय मामा,

काल सांगलीला आपली मॅच होती आणि आपला संघ आलाच नाही. समोरचे अकराजण रांगेत उभे, पंच पुन्हा पुन्हा घड्याळ बघतायत, आणि आपल्या बाजूचं अर्धं मैदान रिकामं. शेवटी पंचांनी शिट्टी मारली आणि त्यांना न खेळताच विजयी करून टाकलं.

शेवटी शेवटी तुम्हाला मैदानावर यायला जमायचं नाही, तेव्हा कुठलीही मॅच झाली की मी घरात पाऊल टाकायच्या आत तुम्ही विचारायचात, "काय झालं, पोरी?" काल कुणी विचारलं नाही. तुमच्या फोटोपुढे उभं राहून बोलायला मला जमत नाही, वेड्यासारखं वाटतं. ह्यांच्याशी बोलावं तर ते का अवघड झालंय, ते पुढे येईलच. म्हणून लिहायला बसले. गेलेल्या सासऱ्याला सुनेनं पत्र लिहावं, असं कुठं ऐकलंय का हो? पण तुम्ही तरी कुठं चारचौघांसारखे सासरे होता?

मी कुंडलची. आमच्याकडे कुस्ती कळते, फुटबॉल नाही. लग्न होऊन आष्ट्याला आले त्या वर्षीची गोष्ट. तुम्ही उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. म्हणालात, "कालवण झालं का?" मी म्हटलं, झालं. "मग चल की. घरात बसून भिंती बघतीस व्हय?" सुभेदार सुनेला घेऊन मैदानावर आले, ही बातमी पेठेत कितीतरी दिवस चघळली गेली. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. पलटणीतून निवृत्त होऊन आल्यावर शाळेमागची बाभळ स्वतः तोडून ज्यानं मैदान केलं, त्याला कोण काय बोलणार?

ऑफसाइड तुम्ही मला गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या मांडून शिकवलात. नंतर हात डोळ्याला लागला आणि अर्धा तास डोळे चोळत बसलात. पुढच्याच मॅचला लाइनमननं चुकीचा झेंडा दाखवला, तेव्हा तुमच्या आधी मी ओरडले होते. मग हळूहळू शेजारच्या बायका यायला लागल्या. शाळेच्या भिंतीकडची बाजू आमची झाली. हळद शिजवायच्या दिवसांत पिवळ्या हातांनीच टाळ्या वाजवायचो आम्ही.

आपण जिंकायचो असं नाही. निम्म्या मॅच हरायचोच. पण हिरव्या जर्सीतला पोरगा पडला, तर तो कुणाचा, कुठल्या गल्लीतला, सकाळी काय खाऊन आलाय, हे आम्हाला माहीत असायचं. 'फौजी संघ' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

मग महेशशेठ आला.

तुम्हाला आठवतंय ना, मारुतीच्या देवळातली ती बैठक? प्लॉटिंगचा धंदा जोरात, दारात मोठी गाडी, पण बोलणं कसं अगदी जमिनीवरचं. त्यानं आल्या आल्या तुमच्या पायाला हात लावला. म्हणाला, "सुभेदार, संघ तुमचाच हाय. मी फकस्त पाठीमागं उभा राहणार." सगळे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही उठून म्हणालात, "पोरगं भलं हाय. द्या त्याच्या हातात."

तेव्हा बायकांतून मी एवढंच विचारलं होतं, "संघ ह्यांच्या नावावर झाला, तर आपण कोण?"

तुम्ही मान न वळवता म्हणालात, "वैशाली, गप बस."

मामा, इतक्या वर्षांत तुम्ही मला चारचौघांत कधी गप बसवलं नव्हतं. घरी येताना तुम्हालाही ते लागलं असावं. म्हणालात, "आगं, माणसावर इस्वास ठेवाय शिक. आमी पलटणीत इस्वासावरच जगलो."  तुम्ही पलटणीत ज्यांच्यावर विश्वास ठेवलात, ते तुमच्या शेजारी झोपत होते, तुमच्याच ताटात जेवत होते. हा माणूस गाडीतून आला होता आणि गाडीतून जाणार होता. हा फरक तुम्हाला कसा दिसला नाही?

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. सगळी पोरं हिरवी जर्सी घालून आली होती. महेशशेठ सगळ्यांच्या पुढं उभा राहून रडत होता. ते रडणं खोटं होतं, असं मला आजही म्हणवत नाही. तेच जास्त लागतं.

पहिल्या वर्षी सगळं छान चाललं. नवे बूट, नवे दिवे, मैदानावरून भिरभिरणारा कॅमेरा. आम्ही म्हटलं, मामांची पारख खरी निघाली. मग एक दिवस दौलत सरांच्या फोनवर एक ओळ आली, उद्यापासून सरावाला येऊ नये. तुम्ही लहानपणापासून घडवलेला माणूस, शाळा सांभाळून रोज पहाटे पोरांना पळवणारा, आणि त्याला एक ओळ. त्यांच्या जागी पुण्याहून एक जण आला, तो पावसाळा संपायच्या आत गेला. मग दुसरा. मग आम्ही नावं लक्षात ठेवायचं सोडलं.

आपली पोरं बाकावर बसली आणि बाहेरून पोरं आली. त्यांना मी दोष देत नाही. एक मणिपूरचा होता, लय गोड पोरगा. आपल्याकडे जेवायला यायचा, भाकरी कुस्करून दुधात घालायचा आणि हसायचा. त्यालाही एका सकाळी गाडीत बसवून पाठवून दिलं. का, ते त्याला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

नंतर महेशशेठनं मैदानाला पत्रे मारले. लग्नसराईत गोलपोस्ट काढून तिथं स्टेज बांधायला लागले. सराव कुठं करायचा, हे ज्यानं त्यानं बघावं. आम्ही हरायला लागलो. पूर्वीही हरायचो, पण पूर्वी हरून पोरं रडायची. आता हरून मोबाइल बघत गाडीत बसायची. भिंतीकडची आमची बाजू ओस पडली, कारण भिंत आणि मैदानाच्या मधे पत्रा आला होता.

ह्या सगळ्यात एक चांगली गोष्ट झाली, असं मला वाटत होतं. महेशशेठनं ह्यांना संघाचं सचिव केलं. तुमचा संजय, तुमच्या संघाचा सचिव. मी पेढे वाटले होते. खत-औषधांच्या दुकानात दिवसभर बसणारा माणूस संध्याकाळी शर्टाला इस्त्री करून मैदानावर जायला लागला. मला वाटलं, चला, आपलं कुणीतरी आत आहे.

गेल्या दिवाळीनंतर संघाचं नाव बदललं. फौजी हा शब्द गेला आणि महेशशेठच्या कॉलनीचं नाव आलं. जर्सीही निळी झाली. आम्ही वीस-पंचवीस जण त्याच्या ऑफिसात गेलो. दौलत सर होते, आम्ही बायका होतो. मी पुढं होऊन विचारलं, "नाव कुणाला विचारून काढलं?"

महेशशेठ हसला. चहा मागवला. म्हणाला, "वहिनी, घरच्यांना विचारल्याशिवाय मी काय करतोय व्हय? संजयरावांनीच सुचवलं की."

हे तिथंच, बाजूच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. माझ्यामागच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.  मी कधी वळले, कधी बाहेर आले, आठवत नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "आपल्या बापाचं नाव पुसताना हात थरथरला नाही?"

"आबांचं नाव कुठं होतं? फौजी होतं."

"एकच ते."

त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला अडकवला. मग म्हणाले, "आबांनी तुला न्हेलं. तुला, तुझ्या मैत्रिणींना, अख्ख्या गावाच्या पोरांना न्हेलं. मला कवा न्हेलं? एकदा न्हेलं आणि बॉल तोंडावर बसला म्हणून रडलो, तर सगळ्यांसमोर म्हणाले, ह्याच्याच्यानं काय व्हायचं न्हाई. त्यानंतर मी त्या मैदानावर कवा गेलो न्हाई. महेशनं मला तिथं खुर्ची दिली. पहिल्यांदा कुणीतरी दिली."

मामा, हे खरं आहे का?

मला कधी सांगितलं नाहीत. इतकी वर्षं मी तुमच्याबरोबर मैदानावर जात होते आणि तुमचा लेक दुकानात बसून आपल्याला जाताना बघत होता. मी समजायची, ह्यांना खेळाची आवड नाही. तुम्हीही तसंच सांगायचात. मिरच्या मांडून मला समजावताना तुम्हाला एवढी माया आली कुठून? आणि त्याच्या वाट्याला ती का आली नाही?

मी ह्यांना माफ केलं नाही. ज्यानं दुखावलं तो बाप, आणि फसवलं कुणाला? आम्हाला. दौलत सरांना, त्या पोरांना. पण त्या दिवसापासून तुमच्यावरचा माझा विश्वासही तसाच्या तसा राहिला नाही, हे तुम्हाला सांगायलाच हवं.

आता कालचं सांगते. नाव बदललं तरी आम्ही टेम्पो करून सांगलीला गेलो. का गेलो? जाणार कुठं दुसरीकडे? संघ वाईट झाला म्हणून कुणी दुसरा संघ धरत नाही. बहुधा महेशशेठलाही हे माहीत होतं.

संघ आला नाही, तेव्हा वाटलं गाडी पंक्चर झाली असेल. महेशशेठचा फोन बंद. मग पंचांनीच सांगितलं की संघ लीगमधून काढून घेतलाय, मालकानं सकाळीच कळवलं. तेवढ्यात हे मोटारसायकलवरून आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात सचिवाचं ओळखपत्र. त्यांनाही माहीत नव्हतं, मामा. त्यांनाही पंचांकडूनच कळलं.

लोक त्यांच्या अंगावर गेले. काय काय बोलले ते लिहीत नाही. हे गेटजवळ उभे होते, मान खाली. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी जागची हलले नाही. मला जावंसं वाटलं नाही, आणि वाटलं नाही ह्याची लाजही वाटली नाही.

दौलत सर त्यांच्याजवळ गेले. ज्यांच्या हकालपट्टीवर ह्यांनी ब्र काढला नव्हता, तेच सर. त्यांनी ह्यांच्या हातातली मोटारसायकलची किल्ली घेतली आणि एका पोराकडे दिली. म्हणाले, "संजय, गाडी पोरगं घिऊन यील. तू टेम्पोत बस."

 येताना टेम्पोत हे माझ्यासमोर बसले होते. मधेच गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांनी खिशात घातलं. फेकून दिलं नाही. मी ते बघितलं.

आज सकाळी दौलत सरांचा निरोप आला. नदीकडे कुणाचं तरी उसाचं रान मोकळं झालंय, महिनाभर वापरायला देतो म्हणालाय. पोरं जमवतायत. नाव नाही, जर्सी नाही, लीग तर नाहीच. हे दुकानात गेलेत. निरोप त्यांनीही ऐकला. येतील की नाही, मला माहीत नाही. मी विचारणार नाही.

मामा, एकच सांगून ठेवते. त्या रानात पुन्हा काही उभं राहिलं, तर ते कुणा एका भल्या माणसाच्या हातात मी जाऊ देणार नाही. माणूस महेशशेठ असो, दौलत सर असोत, नाहीतर तुम्ही स्वतः परत आलात तरी. आणि तुमच्या लेकाला जे सांगायचं राहिलं, ते मी तुमच्या वतीनं सांगणार नाही. ते ओझं तुमचं आहे. मी फक्त त्याला घराबाहेर काढणार नाही, एवढंच माझ्या हातात आहे.

तुमच्यावर रागावलेली, आणि तरी उद्या पहाटे रानाकडे जाणारी,

तुमची सून
वैशाली