ओवा की ओवी

मुरुड, वैशाख, मंगळवार

आज बाबांनी मी भरवलेला ओवा थुंकून टाकला.

लकवा मारल्यापासून त्यांच्या शब्दांची शेवटची अक्षरं घसरतात. राळ म्हणजे झाडाचा चिकट रस, राळा म्हणजे धान्य. ओवा डब्यात, ओवी गळ्यात, हे शाळेतल्या पोरांना जन्मभर त्यांनीच शिकवलं. परवा "राळ" म्हणाले, मी राळ्याचा भात केला, त्यांनी मुकाट खाल्ला. जिल्हा अजून उस्मानाबादच सांगतात. "लातूर झाला बाबा आता," म्हणून मी दुरुस्त करते. सारखी दुरुस्तच करते.

आज "ओवी दे" म्हणाले. वाटलं, पोट दुखत असेल. ओवा तळहातावर चोळला, मीठ घातलं, तोंडात भरवला. थुंकला. मी ओरडले. एवढं ओरडायला काय झालं होतं मला?

संध्याकाळी टँकरची वाट बघत शेजारच्या कोंडाबाईला सांगितलं. रिकामी घागर खाली ठेवून ती म्हणाली, "अगं, तुझी माय दळताना म्हणायची, ती ओवी मागून राहिलेत मास्तर. सकाळी मी गुणगुणले तर खिडकीशी कान देऊन बसले व्हते."

टँकर आलाच नाही. घरी येऊन त्यांच्यापाशी बसले. आईची एक तरी ओवी आठवावी म्हटलं. एकही येईना. माझ्या शाळेच्या नादात कधी ऐकलीच नाही.

बाबांनी माझा तळहात नाकाशी नेला, हुंगला.

"ओवा," म्हणाले. अगदी स्पष्ट. अगदी बरोबर.