डबीवरचा पिवळा टॉवेल

नाशिकरोड,
बुधवार, दि. ९ फेब्रुवारी १९८३

ती. जयराम दाजी यांना मोतीरामचा सप्रेम जयभीम.

आपली व ताईंची प्रकृती उत्तम असेल असं धरून चाललो आहे. ताईंच्या गुडघ्यांना मालेगावची हवा मानवत असेल, आणि आपला खोकला कमी असेल (यंत्रमागांच्या खोलीत बसताना तोंडाला रुमाल बांधा, हे मी १९७१ पासून सांगत आलो आहे). इकडे आम्ही सर्व खुशाल. चि. सिंधू सासरी रुळली. गाडीही खुशाल आहे. गाडीविषयी पुढे थोडं सविस्तर लिहिणार आहे, पण त्यावरून काही वेडंवाकडं मनात आणू नये. पत्र पोस्टाने न पाठवता फकिरा मिस्त्रींच्या हाती का दिलं, तेही शेवटी कळेल. पोस्टावर माझा पूर्ण विश्वास आहे.

सिंधूच्या लग्नाला आपण स्वतः आला नाहीत, गाडी पाठवलीत. ताई गाडीतून उतरल्या तेव्हा मी मागच्या सीटवर वाकून पाहिलं. तिथे फक्त आपली छत्री होती. मागांवर काम फार आहे असा निरोप मिळाला. दाजी, माग बारा महिने चालतात हे मलाही माहीत आहे. खरं कारण सायखेड्याचं. नऊ वर्षांपूर्वी तिथे माझ्या धाकट्या भावाच्या, पुंजारामच्या लग्नात आहेराची यादी माझ्याकडे होती, टॉवेल-टोप्या माझ्याच पेटीत होत्या, आणि आपली पाळी आली तेव्हा पेटीत टॉवेल होता, टोपी नव्हती. (एक टोपी मुलीकडच्या एका गृहस्थांनी दोनदा घेतली. मी त्यांना ओळखतो, पण आता ते हयात नाहीत.) सगळ्या मांडवात टोपीशिवाय टॉवेल घेणारे आपण एकटेच. आपण तो खांद्यावर टाकलात, न जेवता स्टँडवर गेलात, आणि त्यानंतर आमचा उंबरा चढला नाहीत. सिंधूच्या लग्नात ती चूक भरून काढायची म्हणून मी आधीच टोपी आणून ठेवली होती, तर व्याह्यांनी मानपानच बंद ठरवले. सुधारणेला मी कधीच आडवा येत नाही, पण ती आठ दिवस उशिरा आली असती तरी समाजाचं काही बिघडलं नसतं.

तर लग्नानंतर ताई एसटीने परतल्या आणि सिंधूला माहेरपणाला आणायला म्हणून गाडी आठ दिवस आमच्याकडे राहिली. चालवायला फकिरा मिस्त्री होतेच. कॉलनीच्या कोपऱ्यावर त्यांचं गॅरेज आहे. आता लताचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. शेजारणीची वाटी आली तर ती राखेने घासून, वर काहीतरी घालून परत करते. रिकामी आणि मळकी वाटी परत करणं तिच्या लेखी चोरीच्या खालोखाल. तिच्या मते गाडी म्हणजे दाजींची मोठी वाटीच. शिवाय ती आधी विहीणबाईंच्या दारात, इगतपुरीला, जायची होती. म्हणून शनिवारी सकाळी तिने पदर खोचला आणि गाडी घासायला घेतली. बाहेरून झाली, आतून झाली, मग म्हणाली, झाकण उघडा. मी बॉनेट उघडलं. तिथे एका अंगाला दोन लहान डब्या आहेत, एक ब्रेकच्या तेलाची, एक क्लचच्या (हे मला तेव्हा माहीत नव्हतं; लिहिण्याच्या ओघात माहीत असल्यासारखं वाटेल). दोन्ही डब्यांच्या गळ्याला काळंकुट्ट, तेलकट फडकं गुंडाळलेलं. लताने ती दोन बोटांत धरून सोडवली आणि सोड्याच्या पाण्यात उकळत टाकली.

तासाभराने तिने फडकी दोरीवर घातली आणि मला हाक मारली. हाकेचा सूर बरा नव्हता. फडकी पिवळी निघाली होती, आणि कडेला हिरवी पट्टी. दाजी, तो सायखेड्याचा टॉवेल होता. लतानेच निवडलेला, म्हणून तिने लांबूनच ओळखला. ती एवढंच म्हणाली, "आपला आहेर तेल पुसायला." मग फडकी घडी करून ट्रंकेत टाकली आणि दुपारी मशीनवर बसली. सिंधूच्या लग्नातल्या ब्लाउजचं जांभळं साटीन उरलं होतं. त्याची दोन झबली शिवली, खाली सोनेरी लेस लावली, आणि डब्यांना चढवली. रागातही तिचं शिवण सरळ येतं.

ही झबली पाहायला कॉलनीतून बरीच मंडळी आली, आणि साहजिकच प्रश्न निघाला की मुळात डबीला कपडे कशाला. भिकाकाका ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते विमानातही असं असतं, तेल गारठू नये म्हणून. नवसाबाईंच्या मते ते दृष्ट लागू नये म्हणून. सर्वांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी आठवीला विज्ञान शिकवतो. मी कापड हे उष्णतेचं मंदवाहक आहे इथपासून सुरुवात केली आणि नाशिकच्या थंडीत तेलाला ऊब लागते, इथे येऊन थांबलो. अर्धा तास बोललो. चुकीची गोष्ट मला नेहमीच जास्त व्यवस्थित समजावता येते, हे मी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं आहे.

रविवारी इगतपुरीला जाऊन सिंधूला घेऊन आलो. गाडी उत्तम चालली. विहीणबाईंनी गाडीचं कौतुक केलं, आणि गाडी दाजींची आहे हे मी तीनदा सांगितलं. घरी आल्यावर फकिरा मिस्त्री जेवायला गेले आणि मी सिंधूला झबली दाखवायला बॉनेट उघडलं. साटीन ओलं झालं होतं, मस्त चकाकत होतं. हाताला तेल लागलं. तेलाने चकाकी येते हा विचार माझ्या मनात आला, आणि तो माझा एकट्याचा होता, लताचा त्यात काही संबंध नाही. मी एक झबलं काढलं, पिळलं, बॉनेट लावलं, आणि त्याच झबल्याने वरून मायेने पुसून घेतलं. मग चांगलं मुरावं म्हणून गाडी उन्हात ठेवली.

चारच्या सुमारास बॉनेटच्या रंगाला दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या. मी बोट लावून पाहिलं, तर बोटाबरोबर रंग आला. फकिरा मिस्त्री हात पुसत आले, आधी बॉनेटकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या झबल्याकडे, आणि जवळच्या दगडावर बसले. म्हणाले, "मास्तर, ब्रेकचं तेल रंग खातं. झाकनाला बारीक भोक हाय, हवेसाठी. गाडी आदळली की तिथनं थोडं थोडं पाझरतं. म्हून सुती फडकं बांधत्यात, त्ये तेल पितं, रंगावर येऊ देत नाय. ह्ये साटीन काय पिनार? निसतं वघळलं त्याच्यावरून." मी उबेचा मुद्दा काढला. त्यांनी तो ऐकून घेतला. मग विचारलं, आधी काय होतं डबीवर? लताने ट्रंकेतून फडकी आणली. त्यांनी ती बोटांनी चाचपून पाहिली. म्हणाले, "टावेल लय चांगला. ज्यानं बांधला त्याचा जीव हाय गाडीवर. असं जपून दुसरं कोन बांधतंय? नुसती चिंधी गुंडाळत्यात लोक."

दाजी, लता आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला मात्र त्या दगडाशेजारीच बसावं लागलं. नऊ वर्षं मी समजत होतो की तो टॉवेल आपण सायखेड्याच्या स्टँडवरच फेकून दिला असेल. आपण तो ठेवलात, आणि आपल्या सर्वांत लाडक्या वस्तूच्या रखवालीला बसवलात. आम्ही मात्र तो धुऊन, रागावून ट्रंकेत कोंडला. मला फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

डागाविषयी काळजी नसावी. डब्यांखालचा रंगही थोडा गेला आहे, तो बॉनेट मिटलं की दिसत नाही. वरचा डाग साधारण नाशिक जिल्ह्याच्या नकाशाच्या आकाराचा आहे; इगतपुरीकडून सुरू होऊन येवल्यापर्यंत जातो. मालेगावचा कोपरा शाबूत आहे. आपले जुने दोन्ही तुकडे फकिरा मिस्त्रींनी पुन्हा जागेवर बांधले आहेत.

ताईंना नमस्कार.

आपला नम्र,
मोतीराम

ता. क. रंगाऱ्याला बोलावलं होतं. तो विचारतो, गाडीचा मूळ रंग कुठला? मी दुधी सांगितला, लताने लोण्याचा, भिकाकाकांनी हस्तिदंती. आपण सांगाल तो खरा.

ता. क. दुसरा. सोबत नवा पिवळा टॉवेल आहे. फकिरा मिस्त्री म्हणतात, कोरं कापड तेल पीत नाही, म्हणून लताने तो सात वेळा धुतला आहे. जुना दिसला तर तो अपमान समजू नये. टॉवेल गाडीचा. कागदात गुंडाळलेली पांढरी टोपी तुमची. ती १९७४ ची आहे असं समजावं.

ता. क. तिसरा. गाडी तुमच्या दारात नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. ती गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. पत्र संपवून तुम्ही टोपी डोक्यावर ठेवलीत, की फकिरा मिस्त्री गाडी दारात आणून लावतील. नाही ठेवलीत, तर ते गाडी तशीच नाशिकला परत आणतील, आणि ती न्यायला तुम्हाला स्वतः आमच्या उंबऱ्यावर यावं लागेल. लता म्हणते, दुसरंच झालं तर बरं.