क्रॅकचा राहिलेला अर्थ

३ जानेवारी
दुपारी ओसरीवर बसून बोटं मोडली — कडाकडा! सून मोनिका पुस्तकातनं मान वर करून म्हनली, "आत्या, याला इंग्रजीत क्रॅक म्हनत्यात." म्या म्हनलं, "मंग शेजारची साळूबाई दिसभर माझ्या नावानं क्रॅकच करती की!" पोरगी हसून लोळली. माझं शिक्षान सातवी. पर ठरलं — रोज तिनं क्रॅकचा येक अर्थ द्यायचा, भाकरी म्या थापायच्या. तिनं अभ्यास करायचा.

५ जानेवारी
भिताडाला चीर गेली तरी क्रॅक. अक्रोड फोडला तरी क्रॅक. आमच्यात अक्रोड कुनाच्या बापानं बघितलाय!

८ जानेवारी
थट्टा केली की जोक क्रॅक केला. जल्मभर तेच केलं, नाव आत्ता कळलं.
आन परीक्षा बी क्रॅक करायची म्हनं! म्या घाबरले. "पेपर फोडतीस का काय? जेलात जाशील!"
"न्हाई ओ आत्या, पास व्हायचं!"
तलाठ्याची परीक्षा. अठरा तारखेला, नगरला. तिचं वय सरत आलंय, म्हंजी ही शेवटचीच. माझ्या करनला पटत न्हाई. "बायको तलाठी, आन मी काय तिचा डायवर?" म्या मधी हाय म्हनून ल्योक गप हाय.
आनखी येक अर्थ हाय म्हनली. "तो ऱ्हाऊ द्या." का गं? तिनं पुस्तकात मान घातली.

११ जानेवारी
करन तिला गव्हाला पानी द्यायला बोलवत हुता. म्या म्हनलं, तापलीय ती. आत ताप पुस्तक वाचत बसला हुता! वर करनच्या चहात मीठ घातलं. तासभर माझ्याशीच भांडला. तेवढाच अभ्यास.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घेऊन गोठ्यामागं गेले. मोनिका आईशी फोनवर हुती. कानावर पडलं — "म्हातारी क्रॅक हाय म्हनं... गोड बोलून काम काढून घ्यायचं म्हनं..."
वाटी तशीच मागं आनली.
मागल्या घरच्या रोशनबीला इचारलं, मानूस क्रॅक म्हंजी काय? "येडं गं! टकुरं फिरलेलं."
हा व्हय तो ऱ्हायलेला अर्थ! पोटची लेक न्हाई म्हनून हिलाच लेक मानलं. माझ्या भाकरी गिळून तिच्या आईचं कान माझ्याइरुद्ध भरती!

१५ जानेवारी
"आत्या, आज शब्द नको का?"
"पुरं झालं."
भाकरी येकटीपुरती थापली.

१७ जानेवारी
रातच्याला जेवताना करन म्हनला, "आई, उद्या पाठवायची का हिला?" दर बारीला म्या 'जाऊ दे' म्हनते, त्याला ठावं हाय.
म्हनलं, "कशाला? घरात काम पडलंय."
"ऐकलंस का गं? आईच म्हनती!" त्यानं हॉल तिकीट उचललं, खिशात घातलं.
मोनिका माझ्याकडं बघत ऱ्हायली. "आत्या... काय झालं ओ?"
म्या तव्याकडं बघितलं.

१८ जानेवारी
नगरची यष्टी गेली. गार वाटाया पायजे हुतं. न्हाई वाटलं.

१९ जानेवारी
अंगनात करन दोस्ताला फोनवर सांगत हुता, हसत — "आमची म्हातारी क्रॅक हाय रं! तिच्याशी गोड बोलून काम काढून घ्यायचं. मोनिकाला किती बारी सांगितलं, तर माझ्यावरच चिडायची, माहेरी फोन करून रडायची. आता बघ, म्हातारीनंच तिची परीक्षा बंद पाडली."
मोनिकाचं दार वाजवलं. आत हाय. उघडत न्हाई.