वसंतचं हो किंवा नाही

१२ जानेवारी, सोमवार

अँजिओग्राफीचा निकाल आला. तीन ठिकाणी अडलंय, बायपास करावी लागणार. वसंत डॉक्टरांना म्हणाला, "मिठागरात पाणी अडवायचं काम आमच्या घराण्याचं. आता माझ्यातच अडलं." डॉक्टर हसले नाहीत. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन.

घाबरले का? थोडी. घरी येऊन प्रार्थना केली, मटार सोलले.

रूथला फोन केला. लेक पहिलं वाक्य काय म्हणाली, तर "मम्मी, पप्पांचा बाप्तिस्मा झालेला नाही." बापाच्या हृदयाची चौकशी त्यानंतर. फोन ठेवला आणि राग भांड्यांवर काढला.

१४ जाने., बुध

संक्रांत. वरसाव्याहून जाऊबाईंनी तिळाचे लाडू पाठवले. वसंतला साखर बंद, तरी एक खाल्ला.

संध्याकाळी रूथ ऑफिसातून थेट आली. मीरा रोडला दुकानांच्या वर एका हॉलमध्ये फेलोशिप भरते, तिथं जायला लागल्यापासून तिला आपलं चर्च थंड वाटतं. तिथली शिकवण अशी, की जग घडवायच्या आधीच देवानं आपली माणसं निवडून ठेवलीत. आणि बाकीचे? त्यावर ती बोलत नाही. पण तिच्या डोक्यात हिशोब पक्का आहे. पप्पा निवडलेल्यांतले असतील तर ऑपरेशनच्या आधी बाप्तिस्म्याला हो म्हणतील. नाही म्हणाले तर...

इथपर्यंत आली आणि रडायला लागली.

वसंतनं टीव्हीचा आवाज बंद केला. "आधीच ठरलंय ना? मग घाई कशाला? आणि ठरलं नसेल, तर मला ठरवू दे."

"पप्पा, हा जोक नाहीये."

"मी पण जोक नाही करत, बाळा."

ती न जेवताच गेली.

आम्ही लग्न रजिस्टर केलं तेव्हा दोघांचं ठरलं होतं, कुणी कुणाला ओढायचं नाही. हा वरसाव्याचा आगरी, घरात गणपती. मी नगरकडची, आजोबांपासून ख्रिस्ती. मी शब्द पाळला. इतक्या वर्षांत एकदाही त्याला 'चल' म्हटलं नाही. देव कुणावर जबरदस्ती करत नाही तर मी कोण करणारी? हे मी अभिमानानंच लिहितेय.

१७ जाने., शनि

रूथ फेलोशिपच्या ब्रदरना घरी घेऊन आली. तरुण माणूस, नम्र, संत्री घेऊन आला. बोलणं हिंदीत. वसंत अर्धा तास शांत बसून ऐकत होता आणि मग झोपतो म्हणून आत गेला. मग मैदानात मी.

मी विचारलं, माणसाला जन्माआधीच नाकारलं असेल तर त्याला शिक्षा कशाची? हा न्याय कुठला?

"सिस्टर, मिट्टी कुम्हार से सवाल नहीं करती."

"मिट्टी रोती भी नहीं, ब्रदर. मेरी बेटी रो रही है."

मी सोडलं नाही. म्हटलं, देव दारावर थाप मारतो, दार तोडत नाही. कडी आतल्या माणसाच्या हातात. ती कडीच खोटी असेल तर तो थाप तरी का मारतोय? नाटक करतोय?

मग विचारलं, "आपके पिताजी विश्वासी थे?" तो संत्र्याच्या पिशवीकडे बघत राहिला. "नहीं, सिस्टर. ऐसे ही चले गए." थोड्या वेळानं, "परमेश्वर जो करता है, न्याय से करता है."

हा माणूस हे वाक्य आम्हाला नाही, रोज स्वतःलाच सांगत असणार. वाईट वाटलं. चहा परत गरम करून दिला. पण माझं मत बदललेलं नाही.

१८ जाने., रवि

उपासनेनंतर पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "त्यानं आपल्याला निवडलं हेही शास्त्रात आहे, आपण निवडावं हेही आहे. मला आयुष्यभर ही गाठ सुटलेली नाही."

"मला सुटलीय," मी म्हटलं.

"मग पुढच्या रविवारी उपदेश तुम्हीच करा, बाई."

मी खरंच केला असता.

२१ जाने., बुध

वसंतला ॲडमिट केलं. शेजारच्या बेडवर उत्तनजवळच्या चौक गावचे फ्रान्सिसदादा, मच्छीमार. त्यांचंही उद्याच, हेच ऑपरेशन. गळ्यात क्रूस, उशीखाली रोझरी. त्यांच्या बायको रोझीबाईंनी बोंबलाची चटणी चोरून आणली होती, सिस्टरनं पकडली.

दोघांची तासाभरात गट्टी. यांचं मीठ, त्यांचे मासे. वसंत म्हणाला, "तुमची मासळी आमच्याच मिठात सुकली असणार." फ्रान्सिसदादा म्हणतात, "तरीच खारट लागायची! आता कलला कोनाचा हात व्हता."

रूथनं त्यांना विचारलं, भीती वाटते का? "भ्या हाय. पन देव हाय ना. तो काय सोडनार न्हाय." रूथचा चेहरा उजळला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बघ मम्मी, ज्याला निवडलंय त्याला हे माहीत असतं."

पलीकडे वसंत ऐकत होता.

२२ जाने., गुरु

सकाळी आधी वसंतला नेलं, दुपारी फ्रान्सिसदादांना.

न्यायच्या आधी रूथ बेडला धरून उभी. "पप्पा, फक्त हो म्हणा. पाण्याचं नंतर बघू. मनातल्या मनात म्हणा, पण म्हणा."

वसंतनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुला बरं वाटावं म्हणून हो म्हटलं, तर ते तुझं हो झालं. माझं कसं होईल?"

वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकललं. ती तिथंच खाली बसली. मी तिला उठवलं, कँटीनमध्ये नेऊन जबरदस्तीनं इडली खायला लावली. (खाण्याच्या बाबतीत मी स्वतंत्र इच्छा वगैरे मानत नाही.)

वसंतचं ऑपरेशन नीट झालं. काचेतून पाहिला. नळ्याच नळ्या. पण छाती वरखाली होत होती. देवा, तुझे उपकार.

२३ जाने., शुक्र

फ्रान्सिसदादा गेले.

ऑपरेशन झालं होतं. सकाळी प्रेशर पडत गेलं, परत वर आलंच नाही. डॉक्टरांनी सगळं केलं, ते आम्ही बघत होतो.

रोझीबाई कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभ्या. नणंद त्यांना समजावत होती, देवाची मर्जी, देवाला चांगली मानसं लागतात. रूथ पुढं झाली, हात धरून म्हणाली, "आंटी, देवाची योजना असते..."

रोझीबाईंनी हात सोडवून घेतला. "तुजा बाबा वाचला, म्हनून तुला योजना दिसते. माजा रोज देवलात जायाचा. तुजा तर जात पन न्हाय. मंग सांग, कोनाला निवडला त्यानं?"

रूथ मागं सरकली. मला येत होतं उत्तर, पण ते त्या भिंतीपाशी बोलण्याजोगं नव्हतं. मी नुसती त्यांच्या शेजारी उभी राहिले. उत्तनहून त्यांची माणसं येईपर्यंत.

२९ जाने., गुरु

वसंत घरी. खोकताना छातीशी उशी धरायची, जड उचलायचं नाही, वाकायचं नाही.

फ्रान्सिसदादांचं हॉस्पिटलात आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. आज खुर्चीत नीट बसल्यावर त्यानं पहिला प्रश्न तोच केला, "फ्रान्सिसदादाचा नंबर घेतलास ना?" सांगावंच लागलं.

ऐकलं आणि एकदम चिडला. माझ्यावर, रूथवर, कुणावर ते कळेना. "तो माळ ओढत गेला आणि मी लाडू खात परत आलो. हा कुठला न्याय तुमच्या देवाचा? चूक झाली का बेड नंबरची?"

"चिडू नकोस, टाके आहेत."

"तुला सगळं माहीत असतं ना? मग सांग."

१ फेब्रु., रवि

रूथ आज फेलोशिपला गेली नाही. दुपारी माझ्याबरोबर मेथी निवडत बसली. देठ पानांत, पानं देठांत.

"मम्मी, मी त्यांना असं बोलायला नको होतं."

"नको होतं."

"पप्पा वाचले तेव्हा मी म्हटलं, देवानं निवडलं. मग अंकलना..." थांबली. "दोन्ही गोष्टी एकाच हातानं केल्या असतील, तर मला त्या हाताची भीती वाटते."

मी तिला माझं सांगितलं. देवानं फ्रान्सिसदादांना मारलं, असं मी कधीच म्हणणार नाही. हृदय थकलं, ते थांबलं. ज्याला स्वतःला विनाकारण खिळे ठोकले गेले, तो वर बसून नावांवर काट मारत असेल हे मला पटत नाही. तो त्या स्ट्रेचरच्या बाजूनं होता. फ्रान्सिसदादा त्याचेच आहेत, काल होते आणि आजही आहेत. मरण म्हणजे नापास होणं नव्हे.

"तुला एवढी खात्री कशी?"

म्हटलं, खात्री त्याची आहे. गणिताची नाही.

ती मेथी निवडत राहिली. पटलं की नाही, विचारलं नाही.

७ मार्च, शनि

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिल्यावर वसंतनं पहिलं नाव काढलं चौकचं. रूथ म्हणाली, मीपण येते. तिघं रिक्षानं गेलो.

घरासमोर काठ्यांवर बोंबील सुकत होते. रोझीबाईंनी वसंतला बघितलं, शर्टाच्या वरून दिसणाऱ्या टाक्यांच्या रेषेकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावला. वाटलं, आपण यायला नको होतं. पण त्यांनीच त्याला हाताला धरून आत नेलं. "त्यांची खुर्ची हाय. बस."

तो बसेना. मग बसला. वॉर्डमधल्या गप्पा सांगत होता, मीठ, खारट मासे, चटणी कशी पकडली गेली. रोझीबाई हसल्या, रडल्या, परत हसल्या. "मी तवा भाईर व्हतो, त्यांचं हे बोलनं माज्याकडं नव्हतं," म्हणाल्या. "तू आनलास."

रूथ त्यांच्या पायाशी बसली. "आंटी, त्या दिवशी मी बोलले, सॉरी."

"मी पन लय बोललो, पोरी."

उठताना त्यांनी रूथला प्रार्थना करायला सांगितली. एरवी हिची प्रार्थना सुरू झाली की थांबत नाही. आज एवढंच म्हणाली, "प्रभू, आम्हाला कळत नाही. आंटीबरोबर राहा." आमेन वसंतच्या तोंडूनही आलं. सवयीनं की कसं, कळलं नाही.

परतीच्या रिक्षात उत्तनच्या नाक्यापाशी वसंत म्हणाला, "एक विचारू? तुझ्या पोरीनं रडून विचारलं, त्या ब्रदरनं संत्री आणून विचारलं. तू कधीच का नाही विचारलंस?"

"तुला मोकळं ठेवलं. ठरलं होतं ना आपलं."

"हं." मग रस्त्याकडे बघत, "मला वाटायचं, ती तुझी एकटीची जागा आहे. तुला मी तिथं नको असेन."

रूथनं माझ्याकडे बघितलं. ब्रदरला, पाळकसाहेबांना, सगळ्यांना उत्तरं देणारी मी. घर येईपर्यंत एक शब्द सुचला नाही.

८ मार्च, रवि

सकाळ. पटकन लिहितेय.

रात्रभर विचार केला असं म्हणणार नाही, झोप चांगली लागली. उठल्यावर स्पष्ट होतं. ओढणं वेगळं, बोलावणं वेगळं. मी दोन्ही एकच धरून बसले. स्वातंत्र्य दिलं म्हणे! बोलावणंच आलं नाही तर माणूस हो कशाला म्हणणार आणि नाही तरी कशाला?

चहा देताना विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा. साधंच, "वसंत, आज माझ्याबरोबर चर्चला येशील? मला तू तिथं हवायस."

कप खाली ठेवला त्यानं. "आणि नाही म्हटलं तर?"

"तर नाही. पुढच्या रविवारी परत विचारीन."

"त्यानं मला मागं का ठेवलं, ते तिथं कुणी सांगणार आहे?"

"नाही. पाळकसाहेबांनाही माहीत नाही. विचारून बघ."

उठून आंघोळीला गेला. जाताना दारातून म्हणाला, "तो निळा शर्ट इस्त्री करून ठेव."

आज वरसाव्याला पुतण्याचा साखरपुडाही आहे. त्यालाही निळाच शर्ट चालेल. कुठं जायचंय ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझं विचारून झालंय.

इस्त्री तापलीय.