टॅबलेटने पूर्ण केलेलं वाक्य

किनुए,

तुला न विचारता तुझा टॅबलेट घेतला, माफ कर. माझी छत्री बहुतेक ट्रेनमध्ये राहिली, म्हणून हरवलेल्या सामानाचं कार्यालय शोधत होतो. 'ओतोशिमोनो', म्हणजे हरवलेली वस्तू, असं लिहायचं होतं; मी 'ओ' एवढंच लिहिलं आणि ब्राउझरने तू आधी कधीतरी शोधलेलं वाक्य पुढे केलं: 'ओत्तोला रोज जास्त मीठ खायला घातलं तर किती वर्षं लागतात'. ओत्तो म्हणजे नवरा, पण कोणाचा ते त्यात नव्हतं. मी शब्दकोशही उघडून पाहिला.

तू नेहमी म्हणतेस, "अहो, तुमच्यापेक्षा हा ब्राउझर बरा. एक अक्षर टाकलं की मनातलं ओळखतो." ते आज पटलं.

सकाळचं मिसो सूप मी संपवलं आहे. बरेच महिने ते खारट लागतंय, पण मला वाटायचं, वयामुळे माझी जीभच बिघडली. तसं नाही हे कळून जरा बरंही वाटलं.

टॅबलेट चार्जिंगला लावलाय. त्यातलं काही पुसलेलं नाही, मला ते जमतही नाही.

वाचनालयात जातोय. जेवायला घरीच येईन. मिठाचा डबा रिकामा दिसला, येताना घेऊन येतो.

योशिहारु